दिवा कडेला

त्या शाळेत चित्र आधी काढायचं आणि प्रयोग मागाहून करायचा, अशी रीतच पडून गेली होती. विज्ञानाचे सर फळ्यावर पात्र काढत, तापत्या पाण्यातून मधोमध वर जाणारे आणि दोन्ही कडांनी खाली येणारे बाण काढत, अन् सगळा वर्ग ते मान खाली घालून उतरवून घेई. मग दिवा पेटला काय नि न पेटला काय! ज्याच्या चित्रावर सरांची सही, त्यालाच पुढल्या वर्षी विज्ञान. बाकीच्यांनी दुसरा वर्ग शोधावा.

लवंगीनं पात्र काढलं, बाण मात्र मुद्दाम काढले नाहीत. लवंगी हे आत्यानं ठेवलेलं नाव. अंगानं एवढीशी आणि बोलायला तिखट, म्हणून.

तिच्या जोडीला सख्खा चुलतभाऊ होता. त्यांच्या तिवईचा एक पाय आत वाकलेला, मधली जागा अडलेली, त्यामुळे भावानं स्पिरिटचा दिवा डाव्या कडेलाच सारला. लवंगीनं काचेच्या नळीतून पाण्याला रंग देणारा परमँगनेटचा जांभळा खडा अलगद तळाशी सोडला, नेमका ज्योतीच्या डोक्यावर. थोड्या वेळानं जांभळी रेघ हलली. डाव्या कडेनं सरसर वर चढली, पाण्याच्या माथ्यावरून आडवी गेली आणि उजव्या कडेनं खाली उतरली. मग तिनं तसेच बाण काढले.

सर टेबलाशी आले. "हे काय? खोड."

"दिसलं तसंच काढलंय, सर."

"पुस्तकात असं आहे?"

"पाण्यानं कुठं पुस्तक वाचलंय?"

वर्ग खदखदा हसला. सरांचे कान लाल झाले. भाऊ कुजबुजला, "ताई, खोड ना गं! दोन बाणांनी काय बिघडतंय तुझं? विज्ञान जाईल हातचं."

"जाऊ दे. न दिसलेलं काढून मिळालेलं विज्ञान काय चाटायचंय?" ती म्हणाली.

"दिवा मधोमध हवा, एवढं कळत नाही?" सर गरजले.

"मग दिवा चुकला, सर. चित्र नाही."

सरांनी दुसऱ्या टेबलावरची धड तिवई ओढली, ताजं पाणी घेतलं, दिवा स्वतः मधोमध ठेवला. खडा पडला. रंग मधून कारंज्यासारखा उठला आणि दोन्हीकडून ओघळला.

"बघ! आता हे काढ आणि ते पुसून टाक."

लवंगीनं शेजारी दुसरं चित्र काढलं. त्याखाली 'दिवा मधोमध' आणि पहिल्याखाली 'दिवा कडेला' असं ठसठशीत लिहिलं. खोडरबर तिनं भावाच्या खिशात कोंबलं.

सरांनी दुसऱ्या चित्राखाली सही ठोकली आणि वही पुढे सरकवली. तिनं ती तशीच परत सरकवली.

"एक राहिली, सर."

सरांनी वाकून त्या तिवईचा वाकडा पाय चाचपून पाहिला. मग त्यांनी पहिल्या चित्राखालीही सही केली.

"पुढल्या वर्षी तुला दुसऱ्या कुणी शिकवलं तर बरं होईल, बाई!"

"छे! तुम्हीच शिकवा, सर," लवंगी म्हणाली. "विचारायचं बरंच साठलंय."