मनुबाईची वाट

मित्रांनो, सांगलीच्या एका कलामंडळाच्या दिवाणखान्यात काचेआड टांगलेला हा जुना मांजरपाटाचा तुकडा म्हणजे मी. माधवनगरच्या गिरणीत विणला गेलो आणि आटपाडीकडच्या एका खेड्यात मनुबाईच्या घरी आलो. तिला माझा सदरा शिवायचा होता, तिच्या लेकासाठी, गुंडासाठी. पण गुंडा पलटणीत भरती झाला, ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला, आणि बेपत्ता झाल्याची खबर आली.

मग मनुबाईनं मला अंगणात पसरलं. खालच्या कडेला कोळशानं आपलं घर, गावचं देऊळ आणि देवळापुढची विहीर काढली. रजेवर आलेला शिपाई दिसला की ती त्याला गाठायची. "कुठनं कसं गेलासा, सांगा की!" तो सांगेल ते माझ्यावर उतरायचं. आगगाडी, डोंगर, बांबूचं रान. आगबोट तिनं जन्मात पाहिली नव्हती. त्या बोटीला तिनं बैलगाडीची चाकं लावली. जिथं कुणाला गुंडा भेटला होता, तिथं ती गेरूचा ठिपका देई. शेवटचा ठिपका एका नदीकाठी होता. गाव तिला वेडी म्हणे. ती लेकाला शोधत होती.

लढाई संपली. सांगलीचे चित्रकार गंगाधरपंत गावात आले आणि माझ्यापुढं उभेच राहिले.

"मनुबाई, प्रदर्शनापुरतं हे द्या. पुष्कळ लोक बघतील."

"शिपाईबी येत्याल?"

"येतील की!"

"मग न्या. पर माजं नावगाव लिवा. कुणाला ठावं असलं तर येऊन सांगंल."

पंतांनी मान डोलावली.

चौकटीत मी मावेना. पंतांनी कात्रीनं माझी खालची कड कापून टाकली. खाली पाटी लागली: 'एका वेड्या खेडूत बाईची करामत'. पाहुण्यांनी वाहवा केली. पंतांना शाल-श्रीफळ मिळालं.

एके दुपारी साताऱ्याकडचा एक शिपाई कुबडी टेकत आला. त्यानं नदीवर बोट ठेवलं.

"हितंच आमचा एक जोडीदार गेला. आईला निरोप दिलाय त्यानं. गावाचं नाव ध्यानात न्हाई, पर देवळापुढं हीर हाय म्हनला हुता. आवं, ही बाई कुठली?"

"चित्र बघा हो," पंत म्हणाले. "नावागावात अडकलं की कलेची मजा जाते."

शिपाई कुबडी टेकत निघून गेला. ती विहीर माझ्या कापलेल्या कडेवर होती. मला तोंड असतं तर!

पुढं काही दिवसांनी मनुबाई सांगलीला आली.

"कुणी काय बोललं का?"

"सगळे खूश झाले!" पंतांना शिपाई आठवलाही नाही.

तिची नजर खाली गेली. "माजं घर कुठं हाय?"

"बसेना चौकटीत."

"द्या माजं मला."

"आता मंडळानं ठेवून घेतलंय. नवं कापड देतो, दुसरं काढा."

"आन् वाट सांगायला शिपाई कुठनं आनू?"

नव्या कापडाला तिनं हात लावला नाही. ती गेली ती गेलीच.

मित्रांनो, माझी काच रोज पुसतात, कसर लागू नये म्हणून डांबरगोळ्या ठेवतात. एवढीच माझी काळजी. तुम्ही कुणाच्या हातची वस्तू भिंतीवर लावाल, तेव्हा ती कशासाठी केली ते आधी त्या माणसाला विचारा. त्याचं नाव लिहा. आणि त्यानं परत मागितली, तर देऊन टाका.