चार मिनिटं

...खालची बारीक अक्षरंसुद्धा वाचता येत होती. प्लास्टिकची पट्टी वर्तमानपत्रावर ठेवलेली, आणि तिच्या आरपार हवामानाचा अंदाज स्वच्छ दिसत होता — दोन वर्षं निघालेली प्रत्येक पट्टी दुधासारखी पांढरी, आणि आजची ही अशी! तिच्यात मिसळलेली दोन्ही प्लास्टिकं पॉलिस्टरच, एक बाटल्यांचं, दुसरं जास्त उष्णता सोसणारं. एका घराण्यातली, पण एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, असं प्रयोगशाळेच्या मॅडम वैतागून म्हणायच्या. आज त्यांनी पट्टी उजेडात धरली आणि तुमच्या हाताला यश आहे, असं त्याला म्हणाल्या. बारा वर्षांत मिक्सर चालवणाऱ्या त्याच्या हातांकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तो सुखावला, अगदी लहान मुलासारखा सुखावला.

आणि वहीत लिहून बसला : चार मिनिटं. नेहमीचाच आकडा, सवयीनं. खरं तर मिश्रण मिक्सरमध्ये कितीतरी जास्त वेळ फिरलं होतं... जास्त वेळ तापलं की दोन्हींच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, एकमेकींचे तुकडे घेऊन नव्यानं जुळतात, मग दुधाळपणा जातो — हे काय त्याला कुणी शिकवायला हवं होतं? उद्या सकाळी कारखान्यातलं मोठं यंत्र त्याच चार मिनिटांवर लागणार. सगळा माल पांढरा निघणार. सांगावं तर आजचं कौतुक गेलं. गप्प बसावं तर उद्या मॅडमनी मान खाली घालायची.

मिक्सर चालू असतानाच थोरल्या भावाचा फोन आला होता. सहा वर्षांनी. आईला माझ्याकडे आणलंय, तू येऊ नकोस, तिला त्रास होतो — एवढंच. यानं नुसतं 'बरं' म्हटलं. फोन ठेवला. आता त्यानं फोन काढून पाहिला : बोलणं चाळीस सेकंदांचं. मग बाकीचा वेळ?

तो उठला, बसला, पुन्हा उठला आणि मॅडमच्या दारात जाऊन उभा राहिला.

"वेळ चुकीची लिहिलीय मी."

"मग किती होती?"

"माहीत नाही."

"तुम्ही मिक्सरपाशीच होतात ना?"

"होतो."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्यांना आकडा हवा होता, आणि त्या थांबल्या होत्या. भावाचा विषय आपण केव्हाच संपवला, असं तो बायकोला ठणकावून सांगत आला होता... त्या 'बरं'च्या पुढे काय बोलायला हवं होतं, तेच शोधत तो मिक्सरपाशी उभा राहिला होता. आणि आत्ता, मॅडमच्या समोरही, तेच शोधत होता.