भिंतीबाहेरचे कॉक

लुपेच्या धाकटीचा पहिला वाढदिवस झाला, त्या वर्षीची गोष्ट. अंगणातला मंडप उतरवून आठवडाही झाला नव्हता, कंद भाजलेल्या खड्ड्यावरची माती अजून भुसभुशीत होती, आणि सेमिसीनं गॅरेजच्या कोब्यावर छिन्नी टेकवून पहिला घाव घातला.

गॅरेज त्याच्या थोरल्या बहिणीचं, तोआकासेचं. वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी तिचं अर्धं अंग लुळं पडलं होतं. घर लाकडी खांबांवर उभं, दाराला सात पायऱ्या. हॉस्पिटलातल्यांनी लुपेला, म्हणजे तोआकासेच्या लेकीला, स्वच्छ सांगितलं : महिनाअखेरच्या सोमवारपर्यंत जमिनीलगत खोली, न्हाणी आणि संडास तयार असेल, नगरपालिकेचा माणूस ते तपासून गेला असेल, तर आई घरी येईल. नाहीतर वृद्धाश्रम. तिथली खाटही ठरली होती.

"खाट दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं," सेमिसी म्हणाला होता.

चाळीस वर्षं त्यानं ड्रेनेजच्या नळ्या टाकल्या होत्या. अर्ध्या मांगेरे उपनगराचं सांडपाणी त्यानं धरलेल्या ढाळावरून वाहत होतं. आता सत्तरी आली होती, गुडघे कुरकुरत होते, पण पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आला की नाही हे त्याला चष्म्याशिवाय कळायचं.

नळकामाचा परवाना वॉरेनचा होता. वॉरेन त्याचा जुना जोडीदार, गोरा, जाडा, फाटक्या तोंडाचा. दिवसाची कामं उरकून तो रोज चारला यायचा. दुसऱ्या आठवड्यात त्यानं बाहेरच्या भिंतीकडे पाहिलं आणि कमरेवर हात ठेवले.

"अरे म्हाताऱ्या, हे काय? गार पाण्याचा कॉक बाहेर, गरम पाण्याचा बाहेर, गिझर बाहेर, विजेची पेटी बाहेर. घराची आतडी काढून वाळत घातलीस की काय?"

"ड्रेनेज साफ करायचं झाकणही बाहेर घेतलंय. ते नाही दिसलं तुला."

"पण का?"

"उद्या काही तुंबलं, गळलं, तर दुरुस्त कोण करणार?"

"तूच. फुकट कोण येतंय दुसरं?"

"मग? मी आत कसा जाणार?"

वॉरेननं मान हलवली. तीस वर्षांत एवढं त्याला ठाऊक झालं होतं. सेमिसीसारख्या टोंगा बेटांवरच्या माणसानं बहिणीच्या खोलीत पाय टाकायचा नाही, तिच्या अंथरुणाकडे बघायचं नाही, न्हाणी-संडासाचा शब्दही तिच्यासमोर काढायचा नाही. सेमिसी आणि तोआकासे मिसरूड फुटायच्या वयानंतर एका छपराखाली झोपले नव्हते. सेमिसी तीन घरं सोडून मुलाकडे राहायचा तो त्यामुळेच. हॉस्पिटलातही तो रोज जायचा, आणि वॉर्डाबाहेरच्या निळ्या खुर्चीवर तासभर बसून परत यायचा.

"म्हणजे ती घरी आली की तुला इथे बंदी," वॉरेन म्हणाला. "स्वतः बांधायचं आणि स्वतःच बाहेर! देवळाच्या गवंड्यालाही आत येऊ देतात रे."

"तू पाइप कापतोस की प्रवचन देतोस?"

गुरुवारपर्यंत सगळं झालं. उजव्या कोपऱ्यात कमोड बसलं, त्याच्या उजव्या हाताला भिंतीत आधाराचा जाडजूड दांडा. सेमिसीनं त्या दांड्याला दोन्ही हातांनी लोंबकळून पाहिलं. भिंत हू की चू करेना. शुक्रवारी दुपारी तीनला नगरपालिकेचा माणूस यायचा होता.

लुपे चहा आणि जाड बिस्किटं घेऊन आली. खोलीभर नजर फिरवत ती कौतुकानं म्हणाली, "मामा, आमच्या घरापेक्षा हेच झकास झालंय." मग ती दांड्यापाशी थांबली.

"हा इकडे का?"

"माणूस उजव्या हातानं धरतो म्हणून."

लुपेनं किटली खाली ठेवली.

"मामा, आईचा उजवाच हात गेलाय."

सेमिसीनं हातातलं बिस्कीट चहात बुडवलं. ते विरघळून कपात पडलं तरी त्याचं लक्ष नव्हतं. एकोणीस दिवस तो त्या खुर्चीवर बसला होता. एक अंग गेलं, एवढं त्याला सांगितलं होतं. कुठलं, हे बहिणीच्या देहाविषयी त्यानं कुणाला विचारावं, आणि त्याला कुणी सांगावं?

"मला वाटलं तुला माहीत असेल," लुपे पुटपुटली.

"कुठून असणार?" वॉरेन मध्ये पडला. "बरं, रडू नका. डावीकडे मोकळ्यात घडीचा दांडा लावू, मागच्या भिंतीला बिजागऱ्या ठोकून. अर्ध्या तासाचं काम."

"बिजागरीचा हलतो."

"थोडासा हलतो. जगभर लावतात."

"लावू देत." सेमिसीनं कप खाली ठेवला. "ती आत पडली, तर मला उचलायला जाता येणार नाही, वॉरेन. तिच्या डाव्या हाताला भिंतच हवी."

"म्हणजे कमोड त्या कोपऱ्यात. म्हणजे कोबा पुन्हा फोडायचा, दोन मीटर नळी हलवायची, ढाळ नव्यानं धरायचा. उद्या तीनला तो माणूस येतोय! वेड लागलंय का तुला?"

सेमिसी उठला आणि कोपऱ्यातली छिन्नी घेऊन आला.

वॉरेननं वर बघून एक शिवी हासडली, मोटारीकडे गेला आणि कोबा फोडायचा ब्रेकर घेऊन परतला. "सरक," तो म्हणाला. "तुझ्या त्या टाचणीनं नाताळ उजाडेल."

दुसऱ्या दिवशी तो माणूस आला तेव्हा नवा कोबा ओलाच होता. त्यानं नळीत पाणी सोडून पाहिलं, भिंतीबाहेरचे कॉक एकेक फिरवले, भुवया उंचावल्या. मग डाव्या भिंतीतला दांडा धरून अंगाचा सगळा भार टाकला, आणि खिशातून पेन काढलं.

सोमवारी तोआकासे आली. सेमिसी फाटकापाशी रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे चाकाच्या खुर्चीची करकर ऐकू आली, दार उघडल्याचा आवाज आला, मिटल्याचा आला. तेव्हा तो वळला.

त्यानंतर रोज सकाळी साडेसहाला तो यायचा. फाटकाची गंजकी कडी काढायची, बाजूच्या बोळातून जायचं, गार पाण्याच्या पाइपवर तळहात ठेवायचा. थोड्या वेळानं पाइप थरथरू लागायचा. ती उठली. तोंड धुते आहे.

"काय करतोस रोज तिथे?" लुपेनं वरच्या खिडकीतून विचारलं.

"गळती बघतो."

"तूच केलेल्या कामात गळती?"

"म्हणूनच बघावी लागते."

एकदा फाटक ओढून दोन पावलं गेल्यावर त्याला टोपीची आठवण झाली. ती बोळात राहिली होती. तो परत आला, टोपी उचलली आणि सवयीनं पाइपला हात लावला. पाइप मुका होता. आत्ता, या क्षणापर्यंत तर पाणी चालू होतं. दुसऱ्या दिवशी तो मुद्दाम जास्त वेळ थांबला. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं पाणी वाहतच राहिलं. तोंड धुवायला कुणाला इतका वेळ लागतो? मग त्यानं आतूनच फाटक ओढून कडी खणकन पाडली, आणि तो तसाच दबक्या पावलांनी बोळात आला. पाइप मुका.

लुपेला तो यातलं काही बोलला नाही.

त्या शनिवारी वॉरेन तेलाची कुपी घेऊन आला. "ती कडी तेवढी बघतो. सगळी आळी जागी करते ती."

"राहू दे तिला," सेमिसी म्हणाला, आणि कुपी त्याच्या हातातून काढून घेऊन आपल्या खिशात घातली.

पुढे उन्हाळे गेले, हिवाळे गेले. कडी गंजत गेली, आवाज वाढत गेला.

एका शुक्रवारी सकाळी सात वाजून गेले, फाटकाची कडी वाजली नव्हती, आणि गॅरेजमधला नळ चालूच होता. साडेसातला लुपे पाहायला खाली आली. तोआकासे खुर्चीवर बसली होती, डावा हात नळाखाली, मान फाटकाच्या दिशेला कललेली.

"आई, बंद करू?"

"थांब जरा," ती म्हणाली.

सेमिसी वारला तो लुपेची धाकटी शाळेत जाऊ लागली त्या वर्षी, ऑगस्टच्या नऊ तारखेला, शुक्रवारी पहाटे.