मावशींच्या कुंड्या आणि मुळातला किडा

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि खरं सांगू? माणसांना मी अगदी विटलोय.

तरुणपणी माझ्यातून बघायला रांग लागायची. माझी भिंगं पुसायला मऊ कापड निराळं असे. मग प्रयोगशाळेत जनुकं वाचणारं यंत्र आलं आणि मी खिडकीत, चहाच्या उष्ट्या कपांशेजारी जाऊन पडलो.

इथे टोमॅटोच्या मुळांवर काम चालतं. सूत्रकृमी नावाचा, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा किडा मुळात शिरतो, पेशींत लाळ सोडतो आणि मुळाचीच जनुकं फितवतो. मग मूळ आपणहून त्याच्यासाठी फुगीर, रसदार पेशी तयार करतं आणि त्याला गाठी येतात. चोर घरात शिरावा आणि घरधन्यानेच त्याला वाढायला घ्यावं, तसं! काही वाणांत मात्र एक राखणदार जनुक असतं. ते किड्याच्या तोंडाजवळच्या आपल्याच चार पेशी मारून टाकतं. किडा उपाशी मरतो.

यंदा नेमक्या त्या राखणदार वाणाच्या मुळांना गाठी आल्या. झालं! साहेबांनी खापर फोडलं ते काचघर सांभाळणाऱ्या मावशींवर.

"कुंड्यांची अदलाबदल तुम्हीच केलीत. उद्यापासून येऊ नका."

"साहेब, अकरा वर्षांत कुंडीवरची एक चिठ्ठी इकडची तिकडे झाली नाही. कोपऱ्यातला पंखा बंद आहे, महिनाभर सांगतेय. भट्टी झालीय तिथे."

"पंख्याचा आणि मुळांचा काय संबंध?"

मी नुसता चरफडलो. अहो, बघा की जरा! पण मला तोंड कुठे?

संशोधक ताईंनी आधी यंत्राला विचारलं. त्याचं उत्तर आलं: वाण तोच, राखणदार जनुकही जागच्या जागी. म्हणजे अदलाबदल झालीच नव्हती. मग गाठी कशा?

मावशी आपली पिशवी भरत होत्या. त्या म्हणाल्या, "ताई, दाराजवळची रोपं उपटून बघितलीत का? तिथे गार असतं."

तेव्हा कुठे ताईंना मी आठवलो. माझ्या भिंगावरची धूळ त्यांनी बाहीने पुसली. बाहीने! असो.

दाराजवळच्या मुळात किड्याभोवतीच्या पेशी करपलेल्या होत्या, किडा वाळून काडी झालेला. कोपऱ्यातल्या मुळात तोच किडा खाऊन खाऊन टम्म! जनुक दोन्हीकडे एकच. उकाड्याने कोपऱ्यातल्या राखणदाराला झोपवलं होतं.

ताईंनी साहेबांना हाताला धरून आणलं. त्यांनी पाहिलं, "अस्सं होय," म्हणाले आणि निघून गेले. पंखा दुरुस्त झाला, मावशी कामावर राहिल्या. माफी मागायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

मित्रांनो, मला पुसलं नाहीत तरी चालेल. पण कुणाला दोष देण्याआधी एकदा वाकून बघत जा.

त्या संध्याकाळी ताई म्हणाल्या, "मावशी, या, तुम्हीही बघा." अकरा वर्षांत त्यांना हे कुणी म्हटलंच नव्हतं. मावशींनी ओले हात पुसले, एक डोळा मिटला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"एवढासा? आणि माझी नोकरी खायला निघाला होता मेला!"