सुंदरामावशींची पट्टी

मित्रांनो, माझ्याशेजारच्या पलंगावर आडवी झालेली माणसं नेहमी छताकडे बघत राहतात. कुणी मनात देवाचं नाव घेतं, कुणी श्वासच रोखून धरतं. तेवढ्या वेळात मी त्यांच्या छातीतली धडधड गुलाबी चौकटींच्या कागदी पट्टीवर रेघेने उतरवते. मी ईसीजीची एक जुनी पेटी आहे. माझा कारखाना कोणता ते पाठीवर लिहिलेलं होतं, पण एकोणीस वर्षं स्पिरिटने पुसून पुसून ती अक्षरं कधीच उडून गेली.

पुसणारे हात सुंदरामावशींचे. उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये डॉक्टर भूपेश यांचा दवाखाना आहे. तिथे मी आले तेव्हा मला खोक्यातून बाहेर काढलं ते मावशींनीच. शहाडहून त्या केरफरशीच्या कामाला यायच्या. नवरा लवकर गेलेला, पदरी एकच मुलगा, प्रमोद. डॉक्टरांनी त्यांना एकदा दाखवलं, चार चिमटे हातापायांना, सहा रबरी वाट्या छातीवर. आठ दिवसांत मावशी अशा तयार झाल्या की डॉक्टरांनी पुन्हा कधी माझ्या वायरींना हात लावला नाही.

माझ्यापुढे जीन्स शिवणारे कारागीर आले, कापडाचे व्यापारी आले, शिक्षिका आल्या. पुष्कळांना वाटायचं, वायरीतून शॉक बसेल. सिंधी बायकांना मावशी सांगायच्या, "दीदी, डरो मत, करंट नहीं लगता." पुरुषांना दम द्यायच्या, "हसू नका, रेघ हलते." आणि चिमटे काढता काढता एक प्रश्न ठरलेला असायचा, "बीपी, शुगर शेवटची कधी बघितली? आठवत नाही? मग आजच बघून जा."

लोक म्हणायचे, मावशींचा हात लागला की निम्मी भीती जाते. मला मोठा अभिमान वाटे, जणू तो हात माझाच.

तीन वर्षांपूर्वी दवाखान्यात पडदा असलेलं नवं मशीन आलं. मला कपाटावर ठेवलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण दर शनिवारी मावशी स्टुलावर चढून मला खाली घ्यायच्या, धूळ पुसायच्या, बॅटरी चार्ज करायच्या. नवीन मुली हसायच्या. मावशी म्हणायच्या, "असू दे गं. चालतीये ना अजून?"

मग गेल्या फेब्रुवारीत एका रविवारी शहाडच्या बुद्धविहारात महिलांसाठी तपासणी शिबिर ठरलं. नवं मशीन जागचं हलवायचं नव्हतं, म्हणून माझी आठवण झाली. विहाराचा हॉल पहिल्या मजल्यावर. मावशींनी मला छातीशी धरलं आणि जिना चढल्या. मधल्या पायरीवर थांबल्या. वर पोचल्यावर मला टेबलावर ठेवलं आणि खुर्चीत मटकन बसल्या. कपाळावर घाम होता, हात जबड्याला.

मित्रांनो, तुम्हाला वाटेल, इतकी वर्षं हृदयं वाचणाऱ्या पेटीला हे कळायला हवं होतं. पण वायरी जोडल्याशिवाय मला काही म्हणजे काहीच समजत नाही. ज्या छातीशी मला धरलं होतं, तिच्यात काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता.

कळलं ते प्रीतीला. ही मावशींची सून, अंबरनाथच्या एका कंपनीत काम करते. सुट्टी म्हणून शिबिरात नावं लिहायला आली होती. ती पेन ठेवून सरळ डॉक्टरांकडे गेली.

"सर, आई आठ दिवस झाले दाढेत लवंग धरतायत. पण दात जेवताना दुखत नाही. चाललं, जिना चढला की दुखतो. असा कुठे दात असतो का?"

डॉक्टर ताडकन उठले. "मावशी, लेटो. झोपा जरा इथं."

"मी? अहो, रांग बघा किती झाली. ॲसिडिटी आहे, सकाळी नुसता चहा घेतला ना!"

"एकोणीस वर्षांत तुमची पट्टी किती वेळा काढली?"

मावशी पदराने कपाळ पुसू लागल्या. मलाच ठाऊक होतं, एकदाही नाही.

प्रीतीने त्यांचा हात धरला. तेव्हा मावशी अगदी हळू बोलल्या, "काही निघालं तर प्रमोद मला घरी बसवेल गं. चार माणसांत आहे म्हणून मी आहे. घरात बसून काय करू?"

"आधी झोपा," प्रीती म्हणाली. "प्रमोदशी मी बोलते."

पडदा ओढला. वायरी लावायची वेळ डॉक्टरांवर आली आणि त्यांची बोटं अडखळली. आडव्या पडलेल्या मावशीच सांगू लागल्या, "ती चौथी वाटी जरा बाजूला, सर. अजून. हां, तिथं." प्रीती रडता रडता हसली.

मी चालू झाले. जिथे रेघ सपाट जायला हवी, तिथे ती खाली कललेली होती. प्रत्येक ठोक्याला. हृदयाला रक्त कमी पडतंय, असं ती सांगत होती. आजवर मी हजारो पट्ट्या काढल्या, पण एखादी पट्टी चुकीची निघावी असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

डॉक्टरांनी बीपी पाहिलं, तेही वाढलेलं. त्यांनी मावशींना एक गोळी चावून खायला दिली, अँब्युलन्स बोलावली, "चालत खाली उतरायचं नाही," म्हणाले. मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या दोन नसा अरुंद झालेल्या सापडल्या. एक तर बंद व्हायच्या बेतात होती. त्याच संध्याकाळी स्टेंट बसवले. आणखी आठवडाभर लवंग धरली असती, तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी मोठ्याने सांगितलं नाही.

दोन महिन्यांनी मावशी दवाखान्यात आल्या, सोबत प्रमोद. तो आल्या आल्या म्हणाला, "सर, आईचं काम बंद. फायनल."

डॉक्टर म्हणाले, "चार तास काम, जड उचलायचं नाही, रोज चालायचं, गोळी चुकवायची नाही. घरी नुसतं बसवशील तर त्या बऱ्या नाही होणार." मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तुझं वय काय? अडतीस? आईला हे झालं. तुझं बीपी कधी पाहिलंस?"

प्रमोद म्हणाला, "मला काय धाड भरलीये?"

बीपी निघालं एकशे साठ.

मावशींनी मलाच कपाटावरून काढायला सांगितलं. "शर्ट काढ," त्या म्हणाल्या. एवढा मोठा गडी, पण निमूट आडवा झाला. मावशींनी एकेक वाटी त्याच्या छातीवर ठेवली. शेवटची ठेवल्यावर तळहात क्षणभर तिथेच राहू दिला.

"आई, चिमटा गार लागतो."

"लागू दे. हलू नको."

पट्टी चांगली निघाली. बीपीची गोळी मात्र त्याच दिवशी सुरू झाली.

मित्रांनो, माझी पट्टी चांगली आली म्हणजे सगळं आलबेल, असं समजू नका. मी त्या घडीचं तेवढं सांगते. बीपी, साखर, चरबी, तंबाखू, घरातला आजार, हे सगळं डॉक्टरांना बघू द्या, दुखायची वाट न बघता. आणि तुमच्या घरात जे माणूस सगळ्यांची औषधं आठवणीने देतं, त्याला आज विचारा, "तुझी तपासणी कधी झाली?" ते "मला काय होतंय?" म्हणून हसेल. तुम्ही हसू नका. चप्पल घाला आणि त्याच्याबरोबर जा.