घंटाचोराचं पारायण

आमच्या अक्काला पुस्तक वाचता येत नाही. म्हणजे अक्षरं येतात. आमच्या या सरोजिनीबाईंनी उभा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवला. पण लोळत, शेंगदाणे खात, मजेत वाचणं तिला ठाऊक नाही. तिच्या हातात कुठलंही पुस्तक गेलं की त्याची पोथी होते. मी तिच्या अगदी उलट. रहस्यकथा हातात आली की मी आधी शेवटचं पान उघडते, चोर कोण ते बघून घेते आणि मग निवांतपणे पहिल्या पानाकडे वळते. अशा आम्ही दोघी बहिणी, ती विधवा आणि मी बिनलग्नाची, कर्वेनगरच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एकत्र राहतो. अजून कोणी कोणाचा गळा दाबलेला नाही, यात दोघींचेही संस्कार दिसतात.

आमची रस्त्याकडची खोली आम्ही नोकरीवाल्या मुलींना राहायला देतो. दोन वर्षांपूर्वी तिथे एस्तर आली. नगरच्या साळव्यांची, हिंजवडीत कॉम्प्युटरवर काहीतरी करणारी. पहिल्या दिवशी अक्कानं तिला घरचे नियम ऐकवले. दुपारी एक ते चार बेल वाजवायची नाही, गीझर स्वतः बंद करायचा, मित्र असल्यास ते खाली पार्किंगमध्ये असावेत. पोरगी सगळ्याला "बरं मावशी" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी खुशाल अक्काच्या खुर्चीत बसून चहा प्यायली. त्या खुर्चीत बसायची माझीही टाप नाही. अक्का आली, तिनं पाहिलं आणि गुपचूप मोड्यावर जाऊन बसली. तेव्हाच मी समजले की हे प्रकरण साधं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एस्तरची बदली चेन्नईला झाली. चोवीस डिसेंबरला ती सगळं सामान घेऊन नगरला जाणार होती, नाताळ घरी करून तिथूनच परस्पर चेन्नईला. हे ऐकल्यावर अक्का म्हणाली, "खोलीच आहे ती. माणसं येतात, जातात." आणि त्या रात्रीच्या आमटीत मीठ दोनदा पडलं. मी मुकाट्यानं जेवले. काही बोलले असते तर तिसऱ्यांदा पडलं असतं.

एक डिसेंबरच्या संध्याकाळी एस्तर एक पुस्तक घेऊन आमच्या बैठकीत आली. खाकी कव्हर घातलेलं, कडा झिजलेलं जुनं मराठी पुस्तक. तिच्या आजीचं होतं. डोंगराच्या कुशीतल्या एका गावातल्या चर्चची घंटा डिसेंबरच्या पहिल्या रात्री नाहीशी होते आणि नाताळ तोंडावर आलेला असतो, अशी ती गोष्ट. अध्याय चोवीस. पहिल्या तारखेपासून रोज एक वाचायचा, की नाताळच्या आदल्या संध्याकाळी घंटा सापडते. त्यांच्या घरी दर वर्षी आजी मोठ्यानं वाचायची. आजी गेली आणि पुस्तक कपाटात गेलं. आता पुण्यातला हा शेवटचा डिसेंबर, तर आपण वाचायचं का, असं तिनं जरा लाजत विचारलं.

मी विचारलं, घंटा कोणी चोरली? ती नुसती हसली. तिला पाच वर्षांची असल्यापासून माहीत होतं, पण सांगायची पद्धत त्यांच्यात नव्हती. मी पुस्तकासाठी हात पुढे केला. अक्कानं माझ्याआधी ते उचललं.

"हिच्या हातात देऊ नकोस," ती एस्तरला म्हणाली. "ही शेवटून वाचते."

झालं. पुस्तक अक्काच्या हातात गेलं आणि त्याची पोथी झाली. चौरंग आला, त्यावर धुतलेला पंचा आला. वाचन दिवेलागणीला, सात वाजता. शेवटचा अध्याय तेवढा चोवीसला सकाळी, एस्तर निघायच्या आधी. हातपाय धुऊन बसायचं. अध्याय चालू असताना मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, मोबाइल दुसऱ्या खोलीत. आठ वाजले की वाचन नाही, कारण आठला अक्का जेवते आणि त्यात फरक झालेला मी तरी पाहिलेला नाही. समोर वाटीत गूळखोबरं. वाचून झालं की पुस्तक कपाटात आणि किल्ली अक्काच्या कनवटीला. आणि सगळ्यांत मोठा नियम, खंड पडता कामा नये. एक दिवस जरी चुकला तरी पारायण मोडलं, पुन्हा पहिल्या अध्यायापासून. मी म्हटलं, अगं, ही चोरीची गोष्ट आहे. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एस्तरला मात्र हे सगळं फार आवडलं. त्यांच्या घरी आजी हे पुस्तक लसूण सोलत वाचायची, त्याला असा मान पहिल्यांदाच मिळत होता, म्हणाली.

तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरचे दिगंबरराव तक्रार घेऊन आले. रोज सातला वरती काय सरकवता, विचारायला. चौरंग सरकत होता. एस्तर तेव्हा वाचत होती आणि मध्ये बोलायचं नाही हा नियम, म्हणून कोणी उत्तर दिलं नाही. ते दारात उभे राहिले, मग खुर्चीच्या कडेवर टेकले आणि अध्याय संपल्यावर म्हणाले, "तो शाळामास्तर बरोबर वाटत नाही." दुसऱ्या दिवशी पावणेसातलाच पाय धुऊन हजर.

एस्तर वाचायचीही छान. घंटा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला वेगळा आवाज, पाळकाच्या सासूला वेगळा, पाववाल्याला नगरकडचा खणखणीत. अक्काचा संशय पाळकाच्या सासूवर होता, कारण ती फार गोड बोलते. माझा पाववाल्यावर. दिगंबरराव निम्मा अध्याय पेंगायचे आणि जागे झाले की मास्तरवर नवा पुरावा मांडायचे. डिसेंबर मध्यावर आला तसे नगरहून तिच्या आईनं नाताळच्या फराळाचे डबे पाठवले, करंज्या, शंकरपाळे, चकल्या. अक्का म्हणाली, आमची दिवाळी संपली, आता तुमची सुरू. मग गूळखोबऱ्याच्या वाटीशेजारी करंज्यांची ताटली आली. चकली खाताना आवाज होतो म्हणून ती अध्याय संपल्यावरच मिळायची.

मला मात्र झोप लागेना. मी एस्तरला साखरभाताचं आमिष दाखवलं, तिच्या चादरी धुऊन दिल्या, एकदा सरळ विचारलं की पाववाला आहे का, नुसती मान हलव. ती मान हलवायची, पण हो की नाही ते कळू नये अशी. चोर कोण हे कळल्याशिवाय मी आयुष्यात इतके दिवस काढले नव्हते. सोळाव्या अध्यायात पाववाल्याच्या पोत्यात घंटेची दोरी सापडली तेव्हा मी नियम मोडून टाळी वाजवली. अक्कानं माझी चकली कापली.

सतरा तारखेला हडपसरच्या पलीकडे, मांजरी गावात आमच्या आत्येभावाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. अक्का असल्या ठिकाणी कधी जात नाही. ऊस तोडून उभ्या केलेल्या त्या इमारती बघून तिला उगाच वाईट वाटतं. या वेळी मात्र आपण होऊन गेली. सहापर्यंत येते म्हणाली. सात वाजले. मी आणि दिगंबरराव हातपाय धुऊन चौरंगापुढे बसलो होतो. अक्का नाही, एस्तर नाही. फोन अक्का घरीच ठेवून गेली होती. एस्तर आठला पाच कमी असताना आली, बस चांदणी चौकात अडकली म्हणाली. पाठोपाठ अक्का. हडपसरला रस्ता तुंबला होता म्हणाली. पुण्यात एवढं कारण पुरतं, ट्रॅफिकवर कोणी शंका घेत नाही. अक्कानं घड्याळाकडे पाहिलं, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "खंड पडला. उद्या पहिल्यापासून."

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चोवीसला पोरगी निघणार, पहिल्यापासून सुरू केलं तर ती जाईपर्यंत सहा अध्यायसुद्धा होतात न होतात. दिगंबरराव चाचरत म्हणाले, उद्या दोन वाचले तर. अक्कानं विचारलं, तुम्ही काल जेवला नाहीत तर आज दुप्पट जेवता का? त्यावर त्यांनी चप्पल घातली. मला वाटलं, एस्तर तरी भांडेल. तिच्या आजीचं पुस्तक, तिचा सण, तिचा चोविसावा अध्याय. पण ती फक्त म्हणाली, "बरं मावशी. पहिल्यापासून वाचू." आणि चकल्यांचा डबा उघडून सर्वांना एकेक दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेऊन येताना जिन्यात दिगंबरराव भेटले. इकडेतिकडे बघून म्हणाले, काल सहा वाजल्यापासून सरोजिनीबाई सोसायटीच्या बागेत बाकावर बसल्या होत्या, शाल पांघरून. गॅलरीतून दिसल्या. घरात काही वाजलं की काय, असं वाटलं. तुमचा चेहरा बघून वरती बोललो नाही.

मी पिशवी हातात घेऊन तिथेच उभी राहिले. हडपसर नाही, ट्रॅफिक नाही. पारायणाचे नियम जिनं घातले ती बाई थंडीत खाली बाकावर आठ वाजायची वाट बघत बसली होती. गोष्ट संपली की पोरगी जाणार, म्हणून तिनं गोष्टच संपू दिली नाही. एवढ्यासाठी? सरळ जाऊ नकोस म्हणावं, दोन अश्रू गाळावेत, मोकळं व्हावं. पण ते जमणार नाही, आमच्या घरात ते कोणालाच जमलेलं नाही. वर जाऊन तिला फैलावर घ्यायचं मी जिना चढता चढता पक्कं केलं होतं. अक्का चहा गाळत होती, तीन कप. मी दूध ओट्यावर ठेवलं आणि माझा कप उचलला. मलाही ती पोरगी जायला नको होती, आणि हे मी तोवर स्वतःशीसुद्धा बोलले नव्हते.

मग आम्ही पहिल्यापासून वाचलं. घंटा पुन्हा नाहीशी झाली. दिगंबररावांनी पुन्हा मास्तरवर संशय घेतला, जणू काही नव्यानंच. पाववाल्याचं पोतं अजून दहा अध्याय लांब होतं, आणि मी ते कसं गाठायचं याचा विचार करायचं सोडून दिलं.

चोवीसला दुपारी एस्तरचे वडील छोटा टेम्पो घेऊन आले. दुपारी एक ते चारच्या मध्ये त्यांनी बेल वाजवली आणि अक्का काही बोलली नाही, स्वतः उठून दार उघडलं, पाणी दिलं. सामान उतरलं. अक्कानं एस्तरच्या हातावर दही घातलं, पुस्तक पंच्यात गुंडाळून दिलं, आणि ती बाहेरही पडली नव्हती तोच खोली झाडायला घेतली. खाली आले ती मी एकटी.

टेम्पोपाशी एस्तर माझ्याजवळ आली. पिशवीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "धाकट्या मावशी, तुम्ही इतके दिवस विचारत होतात. सांगून टाकू का, घंटा कोणी नेली ते?"

महिनाभर मी याच वाक्यासाठी जीव टाकत होते. जिभेवर हो आलं होतं.

"सांगितलंस तर बघ," मी म्हटलं. "वाचून दाखवायला यायचं."

ती हसली, पण डोळे भरले होते. माझेही भरले, आणि त्या भरात मी अक्काचं बिंग फोडलं. म्हटलं, तुला म्हणून सांगते, त्या दिवशी ती हडपसरला अडकली नव्हती. वेळेवर आली होती. खाली बागेत बसून राहिली होती.

"माहीत आहे मला," एस्तर म्हणाली. "सव्वासहालाच उतरले होते मी बसमधून. त्या बाकावर बसलेल्या दिसल्या. दोनदा घड्याळ बघून पुन्हा बसल्या." तिनं डोळे पुसले. "मग मी वर नाही आले. कोपऱ्यावरच्या मेडिकलपाशी उभी राहिले, त्या उठेपर्यंत. त्या उठल्या तशी धावत पुढे आले."

वडिलांनी टेम्पो सुरू केला. ती चढली, हात हलवला, आणि टेम्पो फाटकातून बाहेर वळला.

म्हणजे त्या संध्याकाळी ती गोष्ट पुढे जावी असं वाटणारी अख्ख्या घरात मी एकटीच होते, पाय धुऊन चौरंगापुढे बसलेली. मला हसू आलं आणि रडूही आलं. वर गेले तर अक्का एस्तरच्या खोलीत पलंगावर बसली होती, हातात केरसुणी, खोली तशीच.

"गेली?" तिनं विचारलं.

"गेली," मी म्हटलं. "चोर सांगत होती. मी ऐकलं नाही."

अक्कानं केरसुणी खाली ठेवली. मग थोडी सरकून तिनं माझ्यासाठी पलंगावर जागा केली.