बरडवाडीचा गॅस

डेअरीतलं धुण्याचं पाणी आंबवून त्याचा गॅस होतो आणि त्या गॅसवर भाकरी भाजता येते, हे बरडवाडीत सगळ्यांत आधी ज्या बाईला पटलं तिचं नाव रेणू. तीर्थपुरीच्या पलीकडे माळावर ही एकोणतीस घरांची वाडी. मेंढरं पाळणं मागेच सुटलं होतं, आता घरटी दोन-तीन म्हशी आणि सगळ्यांचं दूध वाडीच्या तोंडाशी असलेल्या राधेश्याम सेठच्या डेअरीला. रेणूचा नवरा ओमप्रकाश त्याच डेअरीचं दुधाचं पिकअप जालन्याला न्यायचा.

एका संस्थेनं डेअरीच्या मागं जमिनीत टाकी बांधून दिली, वर रबराचा मोठा फुगा बसवला आणि घरोघर पाईप नेले. टाकी सांभाळायला वाडीतलंच कुणीतरी हवं होतं. रेणू बारावी सायन्स झालेली. जालन्याला महिनाभराचं शिक्षण घेऊन ती आली आणि पहिल्याच दिवशी बायकांना तिनं सांगितलं, "टाकीत दोन जातीचे जिवाणू असतेत. एक पाण्यातली घाण आंबवतेत, ते धट्टे. दुसरे त्या आंबटाचा गॅस करतेत, ते लई नाजूक. त्यांला हवा चालत न्हाई, थंडी सोसत न्हाई. त्यांला जपलं तर आपली चूल चालंल."

तीन वर्षं तिनं त्यांना जपलं. सकाळी टाकीवर जायचं, दुधाच्या तुपकटाचा थर जाळीवरून काढायचा, पट्टी बुडवून आंबटपणा बघायचा (हिरवी राहिली तर ठीक, पिवळी झाली तर आंबट), शेण कालवून सोडायचं. सकाळी सहा ते साडेआठ आणि संध्याकाळी तेवढाच वेळ गॅस यायचा. सासूचा, जयवंताबाईचा खोकला पहिल्याच वर्षी कमी झाला. जयवंताबाई शेगडीला हळदकुंकू लावायची. रेणूला तिनं कधी तोंडावर शाबासकी दिली नाही, पण दुसऱ्यांना सांगायची, "आमच्या सूनबाईनं वाडीचा धूर बंद केला."

यंदा कार्तिकात डेअरीचं दूध जालन्याहून परत आलं. तपासणीत जंतू सापडले होते. सेठनं दुसऱ्याच दिवशी निळ्या औषधाचे ड्रम आणले आणि भांडी, पाईप, फरशी, सगळं त्यानं धुवायला लावलं. त्या सकाळी टाकीत येणाऱ्या पाण्यावर रेणूला फेस दिसला. वास दवाखान्यासारखा होता. ती तशीच ओल्या हातानं सेठकडे गेली.

"सेठ, ह्या औषधानं जंतू मरतेत ना?"

"मरायसाठीच आणलंय."

"मंग टाकीतले बी मरतील. हे पाणी टाकीत सोडू नका. बाजूला खड्डा घ्या, तिकडं सोडा. भांड्याचं साधं पाणी तेवढं मला द्या."

सेठ वाईट माणूस नव्हता. त्यानं ऐकून घेतलं. म्हणाला, "बराबर आहे तुझं. दोन दिवसांत वेगळा पाईप टाकतो."

दोन दिवस गेले, चार गेले. पट्टीचा रंग रोज थोडा पिवळा होत चालला. सहाव्या दिवशी रेणूनं टाकीचा वॉल बंद केला. तासाभरात डेअरीची मोरी तुंबली आणि पाणी फरशीवर चढलं. दूध घालायला आलेली माणसं घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहिली. सेठ तिच्याकडे आला नाही. त्यानं ओमप्रकाशला बोलावलं.

ओमप्रकाश टाकीवर आला तेव्हा रेणू वॉलच्या चाकाशीच बसली होती.

"सरक," तो म्हणाला.

"आवं, एक खड्डा घ्यायचाय नुसता. आजच्या आज होईल."

"सेठ म्हणला, वॉल उघड, न्हाईतर चावी ठेव. गाडीची चावी, रेणू."

 तिला वाटलं, तो तिच्या शेजारी बसेल, दोघं मिळून सेठकडे जातील. त्यानं तिच्या दंडाला धरून तिला हळूच बाजूला केलं आणि चाक फिरवलं. निळसर पाणी धो धो करत आत गेलं. तो पाठमोरा म्हणाला, "दोन दिसाची तर गोष्ट हाय."

आठवड्यात फुगा रिकामा होऊन खाली बसला. टाकीतून सडक्या ताकासारखा वास सुटला. शेगडीवरची ज्योत पिवळी झाली, मग फडफडली आणि एका सकाळी एकोणतीस घरांत काडीमागून काडी विझत गेली. बायका सरपणाला माळावर निघाल्या. वाटेत रेणूचं दार लागायचं. शेजारची बेबीनंदा दारातच थांबून म्हणाली, "तुझ्या भरवशावर मी चूल फोडली होती गं. आता चिखल कुठून आणू?"

वाडीची बैठक मारुतीच्या पारावर भरली. रेणूनं औषधाचं सांगितलं, वॉलचं सांगितलं. नवऱ्याचं नाव तिनं घेतलं नाही. सगळे ऐकत होते आणि कुणीच डेअरीकडे बघत नव्हतं.

तातेराव वाडीचे जुने पंच. ते शेवटी म्हणाले, "पोरी, तुझं खोटं न्हाई. पर सेठला बोलायचं कुणी? त्यानं दूध घ्यायचं बंद केलं तर घालायचं कुठं? घनसावंगीपर्यंत कॅन घेऊन जाणार का रोज?"

सेठनं त्याच आठवड्यात पाईप टाकला. पण तो सगळं पाणी ओढ्यात नेणारा होता. भेटला तेव्हा म्हणाला, "आता टाकीत माझा एक थेंब येत नाही. तुझी तक्रार मिटली ना?"

टाकी आता वाडीत कुणाच्याच कामाची राहिली नव्हती, पण रेणूच्या मनातून ती जाईना. तिनं जालन्याला शिकवलेल्या सरांना फोन लावला. ते म्हणाले, "अर्धं पाणी उपसून टाका. चुन्याची निवळी घाला, ताजं शेण घाला आणि वाट बघा. थंडी आहे, दीड महिना लागेल. जगतीलच असं मात्र सांगत नाही."

तिनं बाजूला खड्डा घेतला आणि घमेल्यानं पाणी उपसून त्यात टाकलं. चुना भिजवून नितळ पाणी घातलं. शेण मागत घरोघर फिरली. पहिल्या आठवड्यात चार घरांनी दिलं, नंतर दोनच. "आता गोवऱ्या थापाव्या लागतेत ना," बायका म्हणायच्या, आणि त्यात खोटं काही नव्हतं. शेवटी ती घरच्या दोन म्हशींचंच शेण नेऊ लागली. घरात चुलीला गोवरी उरेना. जयवंताबाई ओली बाभूळ फुंकत बसायची, खोकायची, थुंकायची आणि पुन्हा फुंकायची. एकदा म्हणाली, "मेलेल्याला किती दिवस चारणार गं बाई?"

"मेलं न्हाई, आत्याबाई. आजारी हाय."

ओमप्रकाश यातलं काही बोलत नसे. एकदा जेवताना मात्र अचानक म्हणाला, "मी काय करायला पाहिजे होतं? सांग ना." रेणूनं त्याच्या ताटात भाकरी वाढली.  ताट तसंच ठेवून तो उठला, आणि त्यानंतर दोघांत टाकीचा विषय निघाला नाही.

चौदाव्या दिवशी फुग्याला जरा उभारी आली. तिनं तोटीला काडी लावली, काडी विझली. गॅस होता, पण जळणारा नव्हता. ती रोज काडी लावत राहिली आणि रोज ती विझत राहिली. पौषातल्या गारठ्यात टाकीवर कडब्याच्या पेंढ्या पांघरून ती घरी यायची. पट्टीचा रंग मात्र हिरवटाकडे सरकत होता, आणि ते तिच्याशिवाय कुणी बघत नव्हतं.

तेहेतिसाव्या दिवशी काडी विझली नाही. तोटीच्या तोंडाशी करंगळीएवढी निळी ज्योत उभी राहिली. रेणू पळत घरी गेली, जयवंताबाईला हाताला धरून घेऊन आली. म्हातारीनं दोन्ही तळवे ज्योतीजवळ नेले, ऊब घेतली आणि म्हणाली, "जित्ती हाय की गं."

त्याच वेळी मुरमाचा पहिला ट्रॅक्टर वाडीत शिरला.

टाकी बुजवायचं दुसऱ्या एका बैठकीत आधीच ठरलं होतं, रेणूला कुणी सांगितलं नव्हतं एवढंच. टाकीचा वास येतो, डास होतात, उघड्या टाकीत जनावर पडेल, अशी कारणं होती. मुरूम सेठ फुकट देणार होता, आणि बुजवलेल्या जागेवर त्याच्या गाड्या उभ्या राहणार होत्या. तातेराव ट्रॅक्टरच्या पुढं चालत आले. पाठीमागं दहा-बारा माणसं होती, त्यांत ओमप्रकाशही.

"दादा, थांबा! लागला! बघा, जळू राह्यलाय," रेणू ओरडली.

माणसं जवळ आली. वाऱ्यानं ज्योत आडवी होत होती, पण जळत होती. बेबीनंदानं घरून चहाचं पातेलं आणलं. रेणूनं आडोसा करून ते ज्योतीवर धरलं. सगळे उभे राहिले. पाणी कोमट झालं.  उकळी येईना. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद न करताच बसला होता.

तातेराव खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, "एवढ्याशा जाळावर एकोणतीस घरं कशी जगतील, पोरी?"

"वाढंल. अजून महिनाभर द्या. सुरुवातीला असंच असतंय."

"आन् खायला काय घालशील त्याला? डेअरीचं पाणी तर आता ओढ्यात."

हा प्रश्न तिनं स्वतःला एकदाही विचारला नव्हता. तेहेतीस दिवस ती फक्त जगवत होती. तिनं ओमप्रकाशकडे बघितलं. तो पायाखालच्या मातीकडे बघत होता. पातेलं तिनं खाली ठेवलं.

त्यांनी फुग्याची नळी सोडून गॅस जाऊ दिला. फुगा घडी घालून भिंतीशी टाकला. पहिली ट्रॉली ओतली तेव्हा टाकीतून बुडबुडे आले, मोठमोठे, एकामागून एक. दुसऱ्या ट्रॉलीनंतरही येत होते. जयवंताबाईनं सुनेच्या डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "चल घरी." रेणू गेली नाही. चौथ्या ट्रॉलीनंतर वर नुसता ओला मुरूम दिसत होता.

माघात संस्थेचा एक माणूस फॉर्म घेऊन आला. संयंत्र बंद पडण्याचं कारण लिहायचं होतं. त्यानं फॉर्मवर बोट ठेवून वाचलं, "देखभालीअभावी."

"देखभाल झाली होती," रेणू म्हणाली. "रोज झाली होती."

"ताई, यात चारच कारणं दिलीत. त्यातलं हेच जवळचं आहे."

तिनं चारही वाचली. औषध नव्हतं, वॉल नव्हता, मुरूम नव्हता. तिनं पेन घेतला आणि त्यानं दाखवलं तिथं सही केली. मग कुऱ्हाड आणि दोरी घेऊन ती बेबीनंदाच्या मागोमाग माळाकडे निघाली.